हनुवटीची जागा

मित्रांनो, काचेला नाक लावून बघा हवं तर, मला राग नाही. मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे, हे खालच्या पाटीवर लिहिलेलंच आहे. मी कुठे घडले, कुणी घडवलं, कोणत्या ऑर्केस्ट्रात वाजले, हेही तिथे सुवाच्य अक्षरांत छापलं आहे. शेवटच्या ओळीत माझ्या अंगाच्या वरच्या टोकावरच्या, म्हणजे शिंगावरच्या, डागाचा उल्लेख आहे. तिथला हिरवा रंग पार उडाला आहे आणि आतलं लाकूड गुळगुळीत दिसतं. पाटी म्हणते, ‘वापरामुळे झालेली नैसर्गिक झीज’. हे वाचून मोठी माणसं माना डोलावतात आणि मोबाइल जवळ आणून त्या डागाचा फोटो काढतात.

तो डाग कशाचा आहे ते पाटी लिहिणाऱ्यालाही माहीत नाही. मला माहीत आहे, पण मला विचारणार कोण? तुम्ही लहान आहात, तुम्हाला वस्तूंशी बोलायची अजून लाज वाटत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म अंबरनाथच्या एका कारखान्यात झाला. त्या कारखान्यात गिटारी बनत नसत. तिथे यंत्रांचे लोखंडी भाग ओतले जायचे. भाग ओतण्याआधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, आणि ते काम करायचा धर्मराज. तो जांभूळ गावाहून सायकलने यायचा, कानामागे पेन्सिल खोचायचा आणि दिवसभर कुणाशी फारसं बोलायचा नाही. शेजारच्या शेडमध्ये पत्रा कापणारे मोठमोठे प्रेस होते. त्यांचा दणदणाट असा असायचा की तिथली माणसं घरी गेल्यावरसुद्धा ओरडूनच बोलायची. त्या शेडमध्ये श्यामकांत नावाचा एक उंच, हसरा तरुण कामाला होता. त्याला गिटारीचं वेड होतं.

साधी पोकळ गिटार त्याच्याकडे होती. त्याला हवी होती विजेवर वाजणारी. परदेशी गिटार त्या काळी आपल्याकडे डोळ्यांना दिसायचीसुद्धा मारामार होती. मग त्याने रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकातून चित्र फाडलं आणि जेवणाच्या सुट्टीत धर्मराजसमोर ठेवलं.

धर्मराजने चित्र उलटसुलट करून बघितलं. “वाजवणाऱ्याचा हात आडवा आलाय. हाताखाली काय हाय ते दिसत नाय.”

“असेल काहीतरी. तुझ्या मनाने कर.”

“मनानं केलं नि चुकलं तर?”

“बरोबर काय आहे ते इथे कुणाला ठाऊक आहे?” श्यामकांत म्हणाला, आणि दोघंही हसले.

अशी मी झाले. नमुन्यांतून उरलेल्या सागवानाचं अंग, आणि जे चित्रात दिसत नव्हतं तिथे धर्मराजने बैलाच्या शिंगासारखं एक लांब, वर वळलेलं शिंग काढलं. खऱ्या गिटारीला एवढं लांब शिंग नसतं म्हणे. पुढे ऑर्केस्ट्रातल्या पोरांनी त्यावरून श्यामकांतला खूप चिडवलं. “शाम्या, पोळ्याला घेऊन जा तिला,” म्हणायचे. रंग लावला तोही यंत्रांना देतात तो हिरवा, कारण शेडमध्ये दुसरा रंग नव्हता.

आवाज मात्र मला उल्हासनगरने दिला. तिथे लछू अंकल म्हणून एक सिंधी गृहस्थ जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचे. श्यामकांतने जुन्या स्पीकरची लोहचुंबकं त्यांच्यापुढे ठेवली आणि त्यांच्याभोवती केसासारखी बारीक तार गुंडाळून मागितली.

“साईं, मोटर घूमता है, पंप पानी खींचता है,” लछू अंकल चष्म्यावरून बघत म्हणाले, “ये तेरा लकडा क्या करेगा?”

“गायेगा, अंकल.”

“गायेगा तो पहले इधर सुनाना. नहीं गायेगा तो मेरा नाम मत बताना.”

मी पहिल्यांदा गायले ते त्यांच्याच दुकानात, एका उघड्या पडलेल्या रेडिओला जोडून. दुकानातली पोरं हातातली कामं टाकून उभी राहिली. लछू अंकलनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. मित्रांनो, तेवढं कौतुक मला पुढे मोठमोठ्या मंचांवरही मिळालं नाही.

मग माझे सोन्यासारखे दिवस आले. आमच्या ऑर्केस्ट्राचं नाव होतं चांदणी. गणपतीत कारखान्यांच्या पूजा, नवरात्रात उल्हासनगरचे मंडप, लग्नसराईत बदलापूरकडच्या गावांतल्या हळदी. शहाडपासून बारवीपर्यंत असं एक मैदान नसेल जिथे माझी वायर अंथरली गेली नाही. मी वाजायला लागले की मंचाच्या कडेला पोरांची झुंबड उडायची. एखादं धीट पोर बोटाने माझं शिंग चाचपून बघायचं आणि पळून जायचं.

श्यामकांतचं लग्न झालं. सुनंदाबाई घरात आल्या आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, “ही कोण माझी सवत, पलंगावर झोपते?” असं म्हणाल्या खऱ्या, पण त्यांनीच माझ्यासाठी खोळ शिवली. गादीचं निळ्या पट्ट्यांचं कापड, आतून जुन्या सुती साडीचं अस्तर, आणि शिंगासाठी वेगळा लांबडा कोपरा. सवतीला कुणी इतकं मायेने शिवत नाही.

दिवस पालटायला काही मोठं संकट यावं लागत नाही. एकट्याने सगळे आवाज काढणारा कीबोर्ड आला, मग तबला आणि गिटारवाल्यांना कमी बोलावणं येऊ लागलं. पुढे तर वाजवणारेच नकोसे झाले, नुसत्या डीजेच्या पेट्या आणि त्यांच्यामागे एक मुलगा. ते सगळ्यांचंच झालं, त्याचं मला फार दुःख नाही. माझं दुःख वेगळं आहे आणि ते श्यामकांतच्या कानांत होतं.

प्रेसच्या शेडमध्ये उभी हयात काढलेल्या माणसाचे कान एका दिवसात जात नाहीत. आधी बारीक सूर जातात. ते मला सगळ्यांच्या आधी कळलं, कारण माझी बारीक तार लावताना श्यामकांत ती पिळतच राहायचे. ती सुरात यायची, सुराच्या पुढे जायची, तरी त्यांना ती खालीच वाटायची. शेवटी तुटायची. “हल्लीच्या तारा भिकार,” असं म्हणून ते नवी लावायचे. एकदा एका हळदीत ते भलतंच गाणं वाजवत राहिले. बाकीचे थांबले, तरी हे डोळे मिटून वाजवतच होते. गाणारी बाई माइकवरून म्हणाली, “काका कुठल्या गावाला निघाले?” आणि सगळा मांडव हसला. श्यामकांतनी डोळे उघडले, हसणाऱ्या लोकांकडे बघितलं आणि तेही हसले. घरी आल्यावर त्यांनी मला खोळीत घातलं ते पुढे कितीतरी वर्षं काढलं नाही.

आणि त्यांना ती सवय लागली. मान हलवायची सवय.

त्या शेडमधल्या साऱ्याच माणसांना ती असते. समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही, तर “काय?” म्हणून किती वेळा विचारणार? समोरचा वैतागतो, चढ्या आवाजात तेच सांगतो, शेजारपाजारचे बघायला लागतात. त्यापेक्षा हसून मान हलवली की सुटका होते. श्यामकांत सगळ्यालाच हो म्हणायला लागले. चहा हवा का, हो. पंखा बंद करू का, हो. तुमची तब्येत बरी नाही का, हो. कानात घालायचं यंत्र आणलं, तर ते शिट्ट्या मारायचं. ते त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं आणि कसं आहे विचारल्यावर छान आहे अशी मान हलवली. स्वतःचा आवाज किती मोठा निघतो ते कळेना, म्हणून बोलणंही सोडलं. बहिरा आहे असं कबूल करण्यापेक्षा लोकांनी आपल्याला अबोल म्हणावं, हे त्यांना बरं वाटलं असावं.

कारखाना सुटला, अंबरनाथची खोली सुटली. मुलगा यज्ञेश कामानिमित्त बंगळूरला गेला आणि हे दोघं बदलापूरला एका फ्लॅटमध्ये आले. मी तिथे माळ्यावर. एका बाजूला फुटका पाट, दुसऱ्या बाजूला गणपतीची मखरं. त्या काळोखात मी किती वर्षं पडून होते ते विचारू नका.

एका दिवाळीच्या साफसफाईत सुनंदाबाईंनी मला खाली काढलं आणि दिवाणावर ठेवून त्या बाजारात गेल्या. श्यामकांतनी खोळ उघडली. कोळिष्टकं पुसली. घरात तारांचं एक जुनं पाकीट होतं, त्यातल्या तारा चढवल्या. मग वायर लावायला गेले तर वायर बसेना. जिथे ती खुपसतात तो माझा सॉकेट तुटला होता. त्यांनी तशीच तार छेडली. काही नाही. पुन्हा छेडली. त्यांच्यासाठी काहीच नाही. मी वाजत होते, मित्रांनो, हलकी का होईना, पण वाजत होते, आणि ज्याच्यासाठी वाजायचं तो माणूस हातभर अंतरावर कोरडा बसला होता.

ते थकले. त्यांनी मान खाली टाकली आणि त्यांची हनुवटी माझ्या त्या लांब शिंगावर टेकली. बोटं तारांवरच होती. अंगठा सहज जाड तारेवरून घसरला.

ते दचकून सरळ बसले. त्यांनी मागे वळून बघितलं, जणू खोलीत कुणीतरी हाक मारली होती.

मग हळूच पुन्हा हनुवटी टेकवली आणि पुन्हा तीच तार छेडली. माझ्या लाकडातून थरथर निघाली, त्यांच्या हाडात शिरली, आणि कानाचं बंद दार टाळून आत कुठेतरी पोचली. त्यांना ऐकू आलं! मला कसं कळलं म्हणता? त्यांनी सगळ्या तारा एकामागून एक बरोबर सुरात लावल्या. बारीक तारसुद्धा. त्या दिवशी एकही तार तुटली नाही. आणि मग चांदणीच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला जी धून वाजवायचे ती त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली, आणि त्यांच्या दाढीच्या खुंटांवरून पाणी ओघळून माझ्या शिंगावर आलं.

धर्मराजने न बघता, अंदाजाने काढलेलं ते शिंग. ज्याला सगळे हसले ते. बरोबर एका म्हाताऱ्या माणसाच्या हनुवटीपर्यंत पोचेल एवढंच ते लांब होतं.

तेव्हापासून रोज दुपारी आमची बैठक बसायची. ते गच्च डोळे मिटून, हनुवटी माझ्यावर टेकवून वाजवायचे. माझा हिरवा रंग त्यांच्या दाढीने झिजत गेला. तो डाग बघताय ना, तो असा पडला. जगातलं एवढंच एक गाणं त्या माणसाला उरलं होतं आणि ते माझ्यातून जात होतं. मी असेपर्यंत त्यांना ऐकू येणार होतं. मी गेले की ते कायमचं थांबणार होतं.

हे सुनंदाबाईंना सांगायला हवं होतं. श्यामकांतनी एकदा प्रयत्न केलाही. त्यांना हाताला धरून आणलं, त्यांचा तळवा माझ्या अंगावर ठेवला आणि तार छेडली. मोठ्या आशेने त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. सुनंदाबाई मोठ्याने म्हणाल्या, “हो हो, छान वाजते!” आणि स्वयंपाकघरात गेल्या. तिथे त्यांनी यज्ञेशला फोन लावला. भिंत पातळ होती.

“अरे, बाबांचं काही खरं दिसत नाही मला,” त्या रडत म्हणाल्या. “त्या गिटारीवर डोकं टेकून बसतात रे तासन् तास. डोळ्यांतून पाणी. गेलेले दिवस आठवून झुरतात. माझ्याच्याने बघवत नाही.”

“आई, मग ती गिटार घरातून काढ ना,” यज्ञेश म्हणाला असावा, कारण त्यावर सुनंदाबाई म्हणाल्या, “काढते रे, पण देऊ कुणाला?”

नवऱ्याचं सुख समोर दिसत होतं आणि त्या माउलीला ते दुःख वाटलं. त्यांना दोष कसा देऊ? हनुवटीतून गाणं ऐकू येतं हे त्यांना कुणी सांगितलं होतं? आणि ते ज्याला माहीत होतं तो तोंड उघडत नव्हता.

अशातच हेमचंद्र आला. हा ज्या घरात तुम्ही उभे आहात त्या घराचा मालक. अंबरनाथला एका औषधांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगते. त्याला गिटारी जमवायचा नाद आहे. नुसता नाद म्हणजे कमीच झालं, एक मिळाली की दुसऱ्या दिवशी पुढची कुठे मिळेल म्हणून तो अस्वस्थ होतो.

“काकू, चांगली गिटार दुकानात मिळत नसते,” चहा पिताना तो सुनंदाबाईंना उत्साहाने सांगत होता. “ऑनलाइन येतात त्या दहाजणांच्या हातून गेलेल्या असतात. आम्ही मूळ जागी जातो. शहाडला भंगारवाल्यांना माझा नंबर देऊन ठेवलाय. मंडप डेकोरेटरच्या गोदामांत जातो, बँडवाल्यांच्या दुकानांत जातो, बंद पडलेल्या कारखान्यांच्या क्लबांत जातो. भंगारात मला एक स्पीकरची पेटी मिळाली, त्यावर रंगाने लिहिलं होतं, चांदणी ऑर्केस्ट्रा, अंबरनाथ. तिथून विचारत विचारत तुमच्यापर्यंत पोचलो. जुना वादक आणि त्याचं घर, हेच आमचं खरं मार्केट.”

तो हे सहज बोलला. पण इथे या कपाटात आल्यावर मला त्याचा पूर्ण अर्थ कळला. माझ्या डावीकडची ती लाल गिटार बघा, ती एका घरातून दहाव्याच्या दिवशी उचललेली आहे. पलीकडची पांढरी पलंगाखाली होती आणि पलंगावर तिचा मालक आजारी होता. माणूस म्हातारा होतो, एकटा होतो, विसरला जातो, तिथेच जमवणारे आपली पुढची गिटार शोधतात. मागे राहिलेल्या माणसांना ती अडगळ वाटत असते, म्हणून ती मिळतेही.

हेमचंद्रने मला बघितलं आणि तो चहाचा कप तसाच ठेवून उठला. “हातानं बनवलेली! अख्ख्या देशात दुसरी नसेल!” मग तो श्यामकांतकडे वळला. “काका, मी नेऊ का हिला? फार जपेन. देता का मला?”

सुनंदाबाईंनीही विचारलं, जरा जोरात, “अहो, देऊया ना यांना? नीट ठेवतील ते.”

श्यामकांतना एवढंच दिसत होतं की एक नीटनेटका तरुण मला हातात घेऊन तपासतो आहे, वळवून बघतो आहे, पाठीमागचे स्क्रू निरखतो आहे. बऱ्याच दिवसांपासून ते माझ्या सॉकेटसाठी कारागीर शोधत होते. त्यांचे डोळे चमकले. त्यांनी बोटाने तुटलेला सॉकेट दाखवला आणि बोटं पिळून स्क्रू फिरवल्याची खूण केली.

“हो काका, बघितलं. मूळचाच आहे, मी त्याला हातही लावणार नाही,” हेमचंद्र म्हणाला.

श्यामकांतनी हसून मान हलवली.

सुनंदाबाईंना वाटलं, सुटलं एकदाचं, यांनी आपणहून हो म्हटलं. हेमचंद्रने पैशांचं पाकीट पुढे केलं ते त्यांनी घेतलं नाही. श्यामकांत आत गेले आणि जुनी वायर घेऊन आले. कारागिराला दुरुस्ती तपासायला वायर लागणार, म्हणून. खोळ मात्र त्यांनी काढून ठेवली, धुऊन ठेवावी म्हणून. मला निरोप देताना त्यांनी माझ्या शिंगावर दोन थापा मारल्या. तपासायला नेलेल्या पोराला आपण डॉक्टरच्या दारात मारतो तशा. मी ओरडत होते, मित्रांनो. पण माझा आवाज कसा निघतो ते आता तुम्हाला ठाऊक आहे. कुणीतरी छेडल्याशिवाय मी मुकी.

इथे आल्यावर हेमचंद्रने पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझ्या तारा सैल सोडल्या. ताणाने मान वाकू नये म्हणून तसं करतात. मग काच, मग दिवे, मग कुलूप, मग ही पाटी. तो मला रोज बघायला येतो. वाजवत नाही. त्याला वाजवता येत नाही.

काही महिन्यांनी त्याच्या मनात आलं की आपण त्या काकांचा सत्कार करावा. खरंच चांगल्या मनाने आलं. रविवारी सकाळी खुर्च्या मांडल्या, ठाण्या-मुंबईचे जमवणारे आले, माइक लावला, पेढे मागवले. श्यामकांत इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांच्या हातात एक पिशवी होती आणि ती त्यांनी कुणाला घेऊ दिली नाही.

सुनंदाबाई हेमचंद्रच्या बायकोला, वैदेहीताईंना सांगत होत्या, “गिटार गेल्यापासून यांच्यात किती फरक पडलाय! आधी खोलीत कोंडून घ्यायचे. आता रोज दुपारी दार उघडून बाहेर खुर्ची टाकून बसतात. जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे बघत असतात. माणसांत रमले म्हणायचं.”

ऐकलंत ना? कारागीर मला घेऊन येईल म्हणून तो माणूस रोज दारात बसत होता.

भाषणं झाली. सगळे टाळ्या वाजवायचे तेव्हा तेही वाजवायचे. हेमचंद्रने त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. त्यांनी नारळ खुर्चीवर ठेवला, पिशवीतून निळ्या पट्ट्यांची खोळ काढली आणि ते माझ्याकडे आले. धुतलेली, इस्त्री केलेली खोळ. मला घरी न्यायला आणलेली.

“अरे वा!” हेमचंद्र माइकवर ओरडला. “काकांनी मूळची खोळसुद्धा आपल्यासाठी आणली आहे!” त्याने ती त्यांच्या हातातून दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. मोठ्या टाळ्या झाल्या. श्यामकांतचे हात तसेच पुढे राहिले.

मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. सॉकेट तुटलेलाच होता. तारा लोंबत होत्या. कुलूप होतं. पाटी होती. त्यांनी पाटी वाचली, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. खांद्यावरच्या शालीला हात लावून बघितलं. मला वाटतं, तेव्हा त्यांना सगळं कळलं.

ते पुढे झाले आणि त्यांनी हनुवटी काचेवर टेकवली.

डोळे मिटले. तशीच घट्ट दाबून धरली. त्यांच्या श्वासाने काच धुरकट झाली. मी पलीकडे, एवढ्याशा अंतरावर. माझ्या साऱ्या आयुष्यात मला इतकं वाजावंसं कधी वाटलं नव्हतं. सैल तारांतून काही निघालं नाही. निघालं असतं तरी मधे काच होती.

“काय प्रेम आहे बघा!” कुणीतरी म्हणालं. सगळ्यांचे मोबाइल वर झाले. सुनंदाबाईंनी पदराने डोळे टिपले.

त्यांनी मान वर उचलली. हेमचंद्र त्यांच्या अगदी समोर येऊन, मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाला, “काका, खूश ना?”

आणि श्यामकांतनी मान आडवी हलवली. सावकाश, इकडून तिकडे, दोनदा. त्यांना ऐकू येईनासं झालं तेव्हापासून त्यांनी कुणालाही दिलेला हा पहिला नकार होता.

“काकांना भरून आलंय, शब्द सुचत नाहीयेत,” हेमचंद्रने माइकवर सांगितलं. त्या दिवसातल्या सर्वांत मोठ्या टाळ्या तेव्हा पडल्या.

सुनंदाबाईंनी त्यांचा हात धरला. “चला, पेढा घ्या. गोड आहे का?”

श्यामकांतनी हसून मान हलवली. हो.

ते गेले. काचेवर हनुवटीचा एक धुरकट डाग राहिला होता, तो वैदेहीताईंनी संध्याकाळी फडक्याने पुसून टाकला. खोळ माझ्या शेजारी घडी घालून ठेवली आहे, तिच्यासाठीही छोटी पाटी केली आहे. ते आता दारात बसत नसतील. घरात कशावर हनुवटी टेकवून बघत असतील, टेबलावर, कपाटावर, खिडकीच्या गजांवर, हे मला कळायला मार्ग नाही. त्यांतलं काहीही गात नाही, एवढं मात्र मला माहीत आहे.

मित्रांनो, मला इथून बाहेर काढा असं मी म्हणत नाही. तुमच्या हातात किल्ली नाही. माझं मागणं लहान आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस एखाद्या जुन्या वस्तूला धरून बसलं असेल, तर ती अडगळ समजून उचलू नका, आणि ते दुःखी आहे असं परस्पर ठरवूही नका. त्याच्या समोर बसा. तुमचं तोंड त्याला दिसू द्या. लागलं तर पाटीवर लिहून विचारा. त्याने ती वस्तू तुमच्या हातात ठेवून काही दाखवलं, तर घाईने छान छान म्हणू नका, तो करतो तसं करून बघा. हनुवटी टेकवून बघा.

आणि तुम्ही काही विचारलंत आणि त्याने हसून नुसती मान हलवली, तर ते उत्तर समजू नका. पुन्हा विचारा.